फेरेटसाठी पिंजरा लावण्याआधी

फेरेट पकडायला पिंजरा आणायचा विचार असेल, तर दुकानात जाण्याआधी घरात बसून दोन गोष्टी नक्की करा. रोज सकाळी पिंजरा कोण पाहणार? आणि आत फेरेट सापडलाच, तर त्याचं पुढे काय करणार? या दोन प्रश्नांची उत्तरं तयार नसतील तर पिंजरा आणू नका. तो लावणं फार अवघड नाही. एकदा हात बसला की झटपट होणारं काम आहे. कसोटी असते ती दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर, आणि त्याबद्दल आधी विचारणारे फार थोडे भेटतात.

हा लेख न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी आहे. शहराबाहेर एक-दोन हेक्टरचा तुकडा घ्यावा, चार कोंबड्या पाळाव्यात, भाजीपाला लावावा अशी हौस आपल्यातल्या अनेकांना असते. कुणी वायकाटोत डेअरीवर कामाला असतं आणि शेतावरच्याच घरात राहतं, कुणी कँटरबरीत लाइफस्टाइल ब्लॉक घेतं. काही महिने सगळं छान चालतं. मग एखाद्या दिवशी खुराड्यात तीन-चार कोंबड्या मरून पडलेल्या दिसतात. खाल्लेल्या फारशा नाहीत, नुसत्या मारून टाकलेल्या. भारतातल्या सवयीने आपण आधी मांजराला नाहीतर कुत्र्याला दोष देतो. या देशात मुंगूस नाही, कोल्हा नाही, साप तर नाहीच. फेरेटचं नाव मात्र डोक्यात येत नाही, कारण आपण तो कधी पाहिलेलाच नसतो.

युरोपातल्या पोलकॅट या रानटी जनावराची माणसाळवलेली जात म्हणजे फेरेट. बिळातले ससे बाहेर हुसकावण्यासाठी तिकडे शतकानुशतकं तो पाळत आले. न्यूझीलंडमध्ये गोऱ्या वसाहतवाल्यांनी आधी ससे आणले, सशांनी मेंढ्यांची कुरणं फस्त केली, आणि मग सशांवर उतारा म्हणून 1879 पासून फेरेट आणायला सुरुवात झाली. 1880 च्या दशकात ते हजारोंनी सोडले गेले, जोडीला स्टोट आणि वीझल हे त्याचे लहान भाऊबंदही आले. पक्ष्यांचे अभ्यासक तेव्हाही हे करू नका म्हणून सांगत होते. त्यांचं कुणी ऐकलं नाही. उलट या शिकाऱ्यांना कायद्याचं संरक्षण मिळालं, ते पुरतं उठायला 1936 साल उजाडलं. पुढे 1980 च्या दशकात फरसाठी फेरेट पाळण्याची लाट आली, भाव पडले, धंदा बसला, आणि त्यातले बरेच फेरेट रानात गेले. आपल्याकडच्या मुंगसाचं असंच झालं आहे. 1872 मध्ये कलकत्त्याहून नऊ मुंगसं जमैकाला नेऊन उसाच्या मळ्यातल्या उंदरांवर सोडली, तिथून त्यांची पैदास 1883 मध्ये हवाईला पोचली. आज तिथले पक्षी त्याची किंमत मोजत आहेत. यात मुंगसाचाही दोष नाही आणि फेरेटचाही नाही. पण माणसाने केलेली चूक निस्तरायची तर जिवंत जनावराशी गाठ पडते, आणि म्हणूनच हे काम मन लावून आणि नीट करायला हवं.

न्यूझीलंडच्या मातीत वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा दुसरा कुठलाच सस्तन प्राणी मूळचा नाही. त्यामुळे इथल्या पक्ष्यांना जमिनीवरून वास काढत येणाऱ्या शत्रूची ओळखच नव्हती. कित्येक जण जमिनीवर घरटं करतात, काही उडतही नाहीत. स्टोट किवीची पिल्लं मारतो. फेरेट अंगाने मोठा असल्यामुळे पूर्ण वाढलेला किवीसुद्धा मारू शकतो. समुद्रकाठचे छोटे निळे पेंग्विन, ओटागो द्वीपकल्पावरच्या पिवळ्या डोळ्यांच्या पेंग्विनांची पिल्लं, मॅकेन्झी खोऱ्यातला काकी हा काळा शेकाट्या, हे सगळे त्याचे बळी. शिवाय त्याला गुरांचा क्षयरोग होतो, म्हणून डेअरीवाल्यांना तो आणखी नकोसा. 2016 मध्ये सरकारने 2050 पर्यंत देश या शिकाऱ्यांपासून मुक्त करायचं उद्दिष्ट जाहीर केलं, त्यात उंदीर, पॉसम आणि स्टोटबरोबर फेरेटही आहे. तुमच्या परसातला एक पिंजरा त्या मोठ्या कामाचाच भाग आहे.

आधी खात्री करा

जनावर ओळखल्याशिवाय पिंजरा लावणं म्हणजे निम्म्या वेळा शेजाऱ्याचं मांजर पकडणं. फेरेट ओळखायला सोपा असतो. अंगावर आतली लव पिवळट सायीच्या रंगाची आणि वरचे लांब केस काळपट, त्यामुळे तो कुठे फिका, कुठे गडद दिसतो. पाय आणि शेपूट काळं. चेहऱ्यावर डोळ्यांवरून आडवा गेलेला काळा पट्टा. नर शेपूट सोडून 44 सेंटिमीटरपर्यंत लांब आणि सव्वा किलोच्या आसपास भरतो, मादी त्याच्या जवळपास निम्म्या वजनाची. स्टोट त्याहून बराच सडपातळ, वरून तपकिरी, पोटाला पांढरट, आणि शेपटीचं टोक काळं.

फेरेट रात्री फिरतो, त्यामुळे तो दिसण्याऐवजी त्याच्या खुणाच सापडतात. कोंबडीच्या मानेच्या मागच्या बाजूला किंवा डोक्याखाली चावल्याच्या बारीक, खोल जखमा असतात. बंद जागेत एकापेक्षा जास्त कोंबड्या मारल्या असतील तर संशय अधिक पक्का. विष्ठा काळपट, पिळवटलेली, टोकाशी निमुळती, तिच्यात केस आणि हाडांचे तुकडे. खुराड्याच्या ज्या फटीतून तो आला असेल असं वाटतं तिथे संध्याकाळी बारीक वाळू चाळून पसरा. पाच बोटांचा ठसा उमटला तर तो फेरेट किंवा त्याच्या कुळातला. मांजराच्या ठशात चारच बोटं दिसतात. हेजहॉगचा ठसाही पाच बोटांचा असू शकतो, म्हणून ठसा आणि विष्ठा दोन्ही बघा. रानात लावायचा कॅमेरा कुणाकडून उसना मिळाला तर उत्तमच, एका रात्रीत शंका फिटते.

पिंजरा कसला घ्यावा

फेरेटसाठी जीव घेणारे सापळेही मिळतात. डीओसी 250 नावाचा सापळा लाकडी पेटीत बसवून लावतात आणि तो या कामात चांगला मानला जातो. दूरच्या कुरणात, जिथे रोज जाणं जमत नाही तिथे तोच योग्य. पण घराजवळ, जिथे मुलं खेळतात, शेजाऱ्यांची मांजरं येतात, वेका किंवा पुकेको हे पक्षी हिंडतात, तिथे माझं मत जिवंत पकडणाऱ्या पिंजऱ्याच्या बाजूने आहे. चुकीचं जनावर सापडलं तर त्याला सोडून देता येतं. त्याची किंमत म्हणजे रोजची फेरी.

उंदरांचा पिंजरा चालत नाही. फेरेट पूर्ण आत शिरून मग दार पडायला हवं. दार पाठीवर किंवा शेपटीवर पडलं तर तो मागे निसटतो आणि पुन्हा कधी पिंजऱ्याजवळ फिरकत नाही. शेपटीसकट नराची लांबी ध्यानात घेतली तर पिंजरा 65 ते 70 सेंटिमीटर लांब तरी असावा. जाळीची छिद्रं 25 मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत, नाहीतर तो बाहेरूनच पंजा घालून आमिष ओढतो. तार जाड हवी. दार पडल्यावर त्याला कडी लागते का, हे दुकानातच पाहा. फेरेट नाकाने दार उचकटण्यात पटाईत असतो, आणि नुसतं स्वतःच्या वजनावर टेकलेलं दार त्याला फार वेळ अडवत नाही. अनेक रिजनल कौन्सिल रहिवाशांना पिंजरे वापरायला देतात. विकत घेण्याआधी तिथे फोन करा.

कळ दोन प्रकारची असते. एकात आमिष आकड्याला टांगतात, जनावराने ते ओढलं की दार पडतं. दुसऱ्यात तळाशी एक पत्र्याची पाटी असते, तिच्यावर पाय पडला की दार पडतं. फेरेटसाठी पाटीचा पिंजरा घ्या. फेरेट आमिष हुंगतो, चाटतो, कडेने कुरतडतो, नेहमी ओढतोच असं नाही. पण आमिषापर्यंत जायचं तर पाटीवर पाय पडतोच.

पाटीची परीक्षा घरच्या घरी घ्या. दार उचलून खटका लावा आणि तुरीच्या डाळीची अर्धा किलोची पिशवी अलगद पाटीच्या पुढच्या कडेवर ठेवा. दार लगेच पडलं पाहिजे. लहान मादी साधारण तेवढ्याच वजनाची असते आणि पुढचा एकच पाय टाकते, म्हणून पिशवी अर्धीच टेकवूनही पाहा. मग मूठभर डाळ पाटीवर ठेवा. तेवढ्याने दार पडलं तर कळ फार हळवी आहे, रात्री उंदराच्या पिल्लानेही ती सुटेल आणि सकाळी तुम्हाला बंद, रिकामा पिंजरा मिळेल. खटक्याची तार किंचित वाकवली की हे जमतं. नवीन पिंजऱ्यात पाटीची बिजागरी गंजरोधक तेलाने चिकटलेली असते, ती गरम पाण्याने धुऊन मोकळी करा. तेलाचा वासही त्याबरोबर जातो.

जागा

इथे घाई करू नका. फेरेट उघड्या गवतावरून सरळ चालत नाही. तो कडेकडेने जातो: कुंपणाच्या तारेखालून, झुडपांच्या रांगेतून, ओढ्याच्या काठाने, लाकडाच्या ढिगामागून, रस्त्याखालच्या मोरीतून. तुमच्या जमिनीवर सशांची बिळं असतील तर त्यांच्या आसपास तो हमखास येतो, कारण तेच त्याचं मुख्य खाणं आणि तीच त्याची झोपायची जागा. चढायला तो कच्चा आहे, म्हणून झाडांकडे पाहत बसू नका. नजर गुडघ्याखाली ठेवा. गवत दबलेली अरुंद वाट, कुंपणाखालचा घासून गुळगुळीत झालेला खळगा, त्याला चिकटलेले केस, हे दिसलं की तिथे पिंजरा.

पिंजरा वाटेच्या आडवा ठेवू नका, वाटेच्या दिशेने ठेवा, म्हणजे चालता चालता त्याचं तोंड दारातच येतं. खालची जमीन सपाट करून घ्या. पिंजरा ठेवून वरून हाताने दाबा, चारही कोपरे दाबून पाहा. जरा जरी डुगडुगला तरी फेरेट पहिल्या पावलाला थबकतो आणि मागे फिरतो. दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून तारेने बांधा. आत सापडलेलं जनावर धडका देतं, आणि सुटा पिंजरा उताराला असेल तर लोळत ओढ्यात जायला वेळ लागत नाही. तळाच्या जाळीवर थोडी माती आणि वाळकं गवत पसरा, पण पाटीच्या खाली काही जाऊ देऊ नका. पाटीखाली अडकलेला एक खडा सगळी मेहनत वाया घालवतो.

वरून पिंजरा झाका. जुनं गोणपाट, प्लायवुडचा तुकडा, त्यावर गवत, काहीही चालेल; फक्त दाराची बाजू मोकळी आणि दाराची हालचाल विनाअडथळा हवी. झाकण्याचे दोन फायदे. फेरेटला बिळासारख्या अंधाऱ्या पोकळीत शिरायची ओढ असते, त्यामुळे तो आत जातो. आणि आत अडकल्यावर पाऊस, वारा, ऊन यांपासून त्याला आडोसा मिळतो. मागच्या भागात मूठभर कोरडं गवत ठेवा, दक्षिण बेटावरच्या थंडीत त्याचा उपयोग होतो. मरायचंच असलेल्या जनावराची एवढी काळजी कशाला, असं काहींना वाटतं. त्याला एक रात्र विनाकारण कुडकुडत ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही, शिवाय आत कोण सापडेल हे आपल्याला आधी माहीत नसतं. शेजाऱ्याचं मांजरही असू शकतं.

घराभोवतीच्या जागेला एक-दोन पिंजरे पुरतात. मोठं शेत असेल तर कुंपणाच्या रांगेने साधारण दोनशे मीटरवर एक असे लावतात. पण जेवढे सकाळी चालत जाऊन पाहता येतील तेवढेच.

आमिष

ताजा ससा. याच्या जवळपास दुसरं काही येत नाही. कातडीसकट तुकडा घ्या, मुठीएवढा, आणि पाटीच्या पलीकडे, पिंजऱ्याच्या अगदी मागच्या टोकाला तारेने घट्ट बांधा. सशांची शिकार करणारा शेजारी जवळपास कुठेतरी असतोच. मात्र विष घालून मारलेला ससा कधीही घेऊ नका. ससा नसेल तर कोंबडीच्या मांसाचा तुकडा किंवा तेलकट मासा चालतो. उन्हाळ्यात मांस लवकर सुकतं नाहीतर सडतं, त्यावर गांधीलमाश्या येतात. दोन-तीन दिवसांनी ते बदला. सडका वास दुरून येत असला तरी फेरेटला ताजं जास्त आवडतं.

शाकाहारी घरांमधून हा प्रश्न येतो, म्हणून सांगते. मांसाला हात लावायचा नसेल तर कोंबडीचं अंडं वापरा. एक अख्खं पांढरं अंडं मागे ठेवा, दुसरं किंचित फोडून त्याचा थोडा बलक दाराशी आणि थोडा आत शिंपडा. मांसापेक्षा याला यश कमी, पण अंडं टिकतं आणि माश्या येत नाहीत. अंडी खाऊन चटावलेल्या फेरेटसाठी तर ते पुरेसं असतं.

पहिल्या तीन-चार रात्री दार तारेने उघडं बांधून ठेवा आणि आत आमिष ठेवा. त्याला आत जाऊ द्या, खाऊ द्या, निघून जाऊ द्या. आमिष सलग नाहीसं होऊ लागलं की मग खटका लावा. सगळ्यात जास्त लोक इथेच उतावीळ होतात. आदल्या रात्री कोंबड्या गेल्या म्हणून आजच पकडायचा, असा राग असतो. पण घाईत लावलेल्या पिंजऱ्यातून एकदा निसटलेला फेरेट पुढे महिनाभर हुलकावणी देतो.

वासाबद्दल आणखी एक. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी फेरेटच्या अंगाचा वास लागलेलं अंथरूण आमिषाजवळ ठेवून पाहिलं, तेव्हा स्टोट त्याकडे ओढले गेले. म्हणून फेरेट सापडल्यानंतर त्या पिंजऱ्यातलं गवत फेकू नका, हातमोजे घालून ते पिशवीत बांधून ठेवा आणि पुढच्या वेळी पिंजऱ्याबाहेर थोडं ठेवा.

कधी लावावा

पिल्लं इथल्या वसंतात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जन्मतात. एका वेतात चार ते आठ. जानेवारीनंतर ती आईपासून दूर होऊन नवीन जागा शोधत हिंडू लागतात, भुकेली आणि अननुभवी असतात. जानेवारीअखेर ते मे हा काळ पकडायला सगळ्यात चांगला, आणि कोंबड्यांवर हल्लेही तेव्हाच वाढतात. हिवाळ्यात ससे कमी झाले की उरलेले फेरेट आमिषाला सहज येतात.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सापडलेली मादी दूध पाजणारी असू शकते. पोटाखालचे सड सुजलेले, भोवतीचे केस गेलेले दिसले तर तिची पिल्लं जवळच कुठल्या तरी बिळात आहेत. त्यांना उपाशी मरू देणं वाईटच. पिंजरे तिथेच, आणखी काही दिवस, बिळांच्या तोंडांजवळ लावत राहा आणि कौन्सिलच्या माणसाला कळवा.

सकाळ

आता मूळ मुद्दा. न्यूझीलंडच्या 1999 च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार जिवंत पकडणारा पिंजरा लावला की दुसऱ्या दिवसापासून, तो लावलेला असेल त्या प्रत्येक दिवशी, सूर्योदयानंतर 12 तासांच्या आत तो तपासावाच लागतो. रविवार असो, पाहुणे असोत, गणपती असोत, सूट नाही. 12 तास ही कायद्याची शेवटची हद्द आहे. माझ्या मते उजाडल्यापासून तासा-दोन तासांत पाहायलाच हवं, कारण फेरेट रात्री सापडलेला असतो आणि फेब्रुवारीच्या उन्हात तारेच्या पिंजऱ्यात त्याची तडफड होते. जूनमध्ये दक्षिणेकडे सूर्य आठनंतर उगवतो आणि तुम्ही त्याआधीच कामाला निघालेले असता. मग टॉर्च घेऊन अंधारात एक फेरी मारा, आणि घरी राहणाऱ्या कुणाला तरी उजाडल्यावर दुसरी मारायला सांगा. ज्या रात्री हे जमणार नाही त्या रात्री दार तारेने उघडं बांधून ठेवा. पिंजरा तिथेच राहू द्या, आमिषही राहू द्या, फक्त खटका लावू नका. शनिवार-रविवार ऑकलंडला जायचं असेल तर निघण्याआधी करायच्या कामांत हे सगळ्यात वर लिहा.

पिंजऱ्याकडे जाताना दहा पावलांवर थांबा आणि पाहा. झाकण एकदम ओढू नका. आत फेरेट असेल तर तो फिस्कारेल, जाळीला दात लावेल, आणि शेपटीखालच्या ग्रंथींमधून उग्र, कस्तुरीसारखा दर्प सोडेल. तो दर्प कपड्यांवरून लवकर जात नाही. जाड चादर हळूच पिंजऱ्यावर टाका. अंधार झाला की तो बहुधा शांत होतो. वरच्या मुठीने पिंजरा उचला आणि पायांपासून लांब धरा. बोट जाळीत घालू नका, मुलांना जवळ आणू नका. फेरेटचा चावा खोल असतो आणि तो जबडा सहज सोडत नाही.

भलतंच जनावर सापडलं तर काय, हे आधी ठरलेलं असावं. मांजराच्या गळ्यात पट्टा असेल किंवा ते माणसाळलेलं दिसत असेल तर दार उघडा आणि बाजूला व्हा. मालक माहीत असेल तर त्याला रात्री मांजर घरात ठेवायला सांगा. वेका, पुकेको असे पक्षी आढळले तर पिंजरा झुडपाकडे तोंड करून ठेवा, दार उघडून मागे सरका. इथल्या संरक्षित पक्ष्याला इजा झालेली दिसली तर डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्वेशनची चोवीस तासांची हॉटलाइन आहे, 0800 362 468. किवी असलेल्या भागात पिंजरा लावण्याआधीच तिथल्या निसर्गरक्षक गटाशी बोलून घ्या. हेजहॉग खूप सापडतात. ते गोजिरे दिसतात, पण जमिनीवरच्या घरट्यांतली अंडी तेही खातात आणि इथे त्यांनाही उपद्रवी मानतात. त्यांच्याबद्दल काय करायचं ते कौन्सिलकडून समजून घ्या.

आणि फेरेट सापडला तर? त्याला गाडीत घालून दूरच्या रानात सोडून यावं, असं मनात येणं साहजिक आहे. उंदीर पकडून लांब सोडणारे आपल्या ओळखीत असतात. इथे तसं करता येत नाही. 1993 च्या जैवसुरक्षा कायद्याखाली फेरेट नको असलेल्या जिवांमध्ये मोडतो. त्याला नेऊन सोडणं गुन्हा आहे. 2002 पासून त्याची विक्री, पैदास, देवाणघेवाण यांवरही बंदी आहे, त्यामुळे पाळतो म्हणण्याचीही सोय नाही. जिथे सोडाल तिथे तो दुसऱ्या कुणाच्या कोंबड्या किंवा किवी मारेल. त्याला मारावंच लागतं, आणि ते एका क्षणात, वेदना न होता व्हायला हवं. परवानाधारक, नेम असलेल्या माणसाने पिंजऱ्यातच जवळून डोक्यात गोळी घालणं ही इथे रूढ पद्धत आहे. तुमच्याकडे परवाना नसेल तर शेजारचा शेतकरी, कीडनियंत्रणाचं काम करणारा माणूस, कौन्सिल किंवा पशुवैद्य यांच्यापैकी एकाशी पिंजरा लावण्याआधी बोलून, तो किती वाजता येऊ शकेल हे विचारून ठेवा. पिंजऱ्यासकट पाण्यात बुडवणं, काठीने मारणं, उपाशी ठेवणं, हा छळ आहे. बुडवणं सोपं वाटतं म्हणून अजूनही काही जण सुचवतात. त्यांना स्पष्ट नाही म्हणा.

ज्यांना जीव घेणं मुळीच मान्य नाही त्यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यांनी पिंजऱ्याच्या वाटेला न जाता खुराडं मजबूत करावं. 25 मिलिमीटरहून लहान छिद्रांची जाड वेल्डेड जाळी, ती जमिनीत वीतभर गाडून बाहेरच्या बाजूला हातभर आडवी पसरलेली, दाराला खाली फट नाही, आणि दिवस मावळण्याआधी कोंबड्या आत. लाकडाचे ढीग आणि वाढलेलं गवत खुराड्यापासून दूर. पिंजरा लावणाऱ्यांनाही हे करायचंच आहे, कारण एक फेरेट गेला की त्याची जागा दुसरा घेतो. एकाचा वावर शंभर हेक्टरभर असू शकतो आणि त्यांच्या हद्दी एकमेकींवर चढलेल्या असतात.

हे सगळं वाचून भारतातल्या नातेवाइकांना पिंजऱ्याची कल्पना सुचवू नका. कोकणात किंवा गोव्यात खुराड्यावर येणारं मुंगूस असो की उदमांजर, दोघांनाही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. परवानगीशिवाय त्यांना पकडणं गुन्हा आहे, आणि ते प्राणी तिथलेच आहेत. तिथे वनविभागाला विचारायचं आणि खुराडं पक्कं करायचं. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनीही सावध राहावं: तिथे बागेत आलेला फेरेट बहुधा कुणाचा तरी हरवलेला पाळीव असतो, आणि त्याच्यासारखाच दिसणारा रानटी पोलकॅट परवान्याशिवाय पिंजऱ्यात पकडायला बंदी आहे.

मेलेल्या फेरेटला उघड्या हाताने शिवू नका. क्षयाचे जंतू, लेप्टोस्पायरोसिस, पिसवा, यांतलं काहीही असू शकतं. रबरी हातमोजे घालून, कुत्री उकरणार नाहीत इतक्या खोल पुरा. हात साबणाने कोपरापर्यंत धुवा. पिंजऱ्यातलं रक्त आणि विष्ठा गरम पाण्याने धुऊन काढा, पण तीव्र वासाचं फिनेल किंवा ब्लीच वापरू नका. दार, कडी आणि पाटी पुन्हा तपासा, कारण आतल्या धडपडीत खटक्याची तार हमखास वाकलेली असते. तारीख, जागा, नर की मादी, आमिष कोणतं होतं, एवढं वहीत लिहा, किंवा ट्रॅप डॉट एनझेड या ॲपवर नोंदवा. तुमच्या भागातल्या गटाला त्यावरून फेरेट कुठून येतात ते कळतं. आणि पिंजरा त्याच जागी परत लावा. ती वाट एका फेरेटला सोयीची वाटली, तशी ती दुसऱ्यालाही वाटते, आणि बऱ्याचदा तो आठवड्याच्या आत येतो.